कॅमेऱ्यासमोरचा ढावलो

आश्विनाच्या उन्हात सोयाबीनच्या वाळल्या शेंगा कुणी हात न लावता तडकतात, दाणा मातीवर उडतो, आणि तो बारीक, कोरडा आवाज नेमका कुठल्या झाडातून आला ते शोधून सापडत नाही. माझ्या आईचं बोलणं तसं आहे. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात, म्हणून मीही याडीच म्हणते. सेनगावच्या वरच्या अंगाला, काळी जमीन संपून मुरमाड उतार सुरू होतो तिथं आमची घरं. त्या उतारावरचं ऊनसुद्धा याडीच्या स्वभावाचं, सावली मागायला गेलं तर आधी लायकी विचारणारं. वर्षभरानं लेक घरी आली तरी तिचे दोनच शब्द ठरलेले : "आलीस? हात धू." तिच्या शब्दांना ओल नाही, आणि नाही म्हणून तिला कधी ओशाळं वाटल्याचं मी पाहिलेलं नाही.

तरीही रडण्यात तिची बरोबरी करणारं आजूबाजूच्या तांड्यांत कुणी नव्हतं.

हे नीट सांगायला हवं. कधीकाळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख तुडवणारी आमची माणसं. निरोप घेणं हेच त्यांचं नित्यकर्म, त्यामुळे निरोपाचीही त्यांनी विद्या केली. लग्न होऊन निघालेली आमची पोरगी नुसती रडत नाही, ती गाऊन रडते. आई, काकी, वहिनी, मैत्रीण, एकेकीच्या गळ्यात पडायचं आणि तिचं-आपलं काय होतं ते सुरात सांगायचं. याला ढावलो म्हणतात. तो आपोआप येत नाही, शिकावा लागतो. आणि आमच्या भागात तो शिकायचा तर याडीकडं. तुरी निघाल्या, शेतं मोकळी झाली, की लग्न ठरलेल्या पोरी दुपारच्या आमच्या ओट्यावर येऊन बसत. याडी त्यांना दरडावून शिकवी. हनुवटी समोरचीच्या खांद्याच्या आत ठेवायची, बाहेर ठेवली तर सूर वाऱ्यावर जातो. श्वास कडव्याच्या मधे घ्यायचा, शेवटी घेतला तर हुंदका गळून पडतो. "डोळ्यानं काहून रडून राहिली गं? डोळे तर कांद्यानं बी रडतेत. पोटातून काढ." मग ती स्वतः काढून दाखवी. विहिरीवरची मोटार सुरू केली की पाइपातून आधी नुसती हवा घरघरते, मग थोडं गढूळ पाणी थुंकल्यासारखं येतं, आणि मग एकदम तो जाड, थंड, अव्याहत लोट. तसा तिचा आवाज चढे. पोरी ऐकता ऐकता रडू लागत. याडी मात्र कडवं संपलं की पदरानं तोंड पुसून, जणू भाकरी थापून झाली अशा निर्विकारपणे, पुढचीला म्हणे, "चल, तू."

मला त्या वेळी ते थोर वाटायचं. आता वाटत नाही. ज्या बाईला दुःख इतकं हातखंडा येतं, तिला ते होत असेल का, हा प्रश्न मला पुढं पडला, आणि पडला तेव्हा मी तिच्यापासून फार दूर होते.

माझी थोरली बहीण सविता. थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. तिचं लग्न औंढ्याकडच्या एका तांड्यात ठरलं होतं, आणि त्या हिवाळ्यात ओट्यावर बसणाऱ्या पोरींत तीही होती. याडीनं स्वतःच्या लेकीला दुसऱ्या पोरींहून जास्त छळलं. सविताचा गळा मूळचा गोड, आणि गोड गळ्यावर याडीचा राग, "गाणं म्हनायली का रडायली?" असं म्हणून ती तिच्याकडून तेच कडवं पुन्हा पुन्हा घासून घेई. सविता शिकली. सगळं शिकली. आणि लग्नाच्या तोंडावर एका सकाळी ब्लाउज शिवायला टाकायचाय म्हणून सेनगावला गेली ती पुसेगावच्या एका जीपवाल्यासोबत निघून गेली. तो आमच्यातला नव्हता. तो चांगला होता, हे मला पुढं कळलं. तेव्हा तांड्याला एवढंच कळलं की तो आमच्यातला नव्हता.

बातमी आली तेव्हा याडी परातीत पीठ मळत होती. तिनं ते मळून पुरं केलं. भाकरी केल्या, सगळ्यांना वाढल्या, आणि ताटं धुऊन झाल्यावर माझं शाळेचं दप्तर खुंटीवरून काढून धान्याच्या कोठीमागं टाकलं. मी आठवीत होते. "एक शिकली तेवढी बास," ती म्हणाली. सविता तर सातवीनंतर शाळेत गेलीच नव्हती. पण हे कुणी कुणाला सांगायचं? त्या दिवसापासून घरात सविताचं नाव निघालं नाही. बा कधी चुकून बोलायला जायचा, "आपली ती..." आणि याडी भांडं असं आपटायची की पुढचं नाव त्याच्या तोंडातच राहायचं. आमचं घर असं फुटलं. त्याला आवाज झाला नाही. भिंतीला ओल चढते तसं ते खालून वर फुटत गेलं. बा गुरांमागं जास्त वेळ काढू लागला. मी दुसऱ्याच्या हळदीत, कापसात मजुरीला जाऊ लागले. आणि ओट्यावर पोरी येईनाशा झाल्या. कुणी तोंडावर बोललं नाही, पण हातपंपावर एकदा एका काकीनं मला ऐकू जाईल असं दुसरीला म्हटलंच : "जिची सोताची न रडता गेली, ती आपल्या लेकरायला काय रडवनार?"

याडीनं ते ऐकलं होतं का, मला माहीत नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यांत दुपारी ती ओट्यावर एकटी बसायची, समोर कुणी नसताना ओटा झाडायची, आणि ऊन उतरलं की आत जायची. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मला दप्तर आठवायचं.

आता मी सुरतेला आहे. तांड्यातल्या पोरींबरोबर साड्यांना लेस लावायच्या कामावर म्हणून मी निघाले, आणि इथं आल्यावर सविताच्या दारात उभी राहिले. तिचा नवरा, माझे भाऊजी, इथं टेम्पो चालवतात. एका खोलीत त्या दोघांचा संसार, त्यांची लहानगी, आणि त्या खोलीचा पंख्याखालचा कोपरा त्यांनी मला दिला. स्वतः दाराजवळ झोपतात. मला मशीन सवितानं शिकवली. न रागावता शिकवली, सुई तुटली तर म्हणाली, "तुटनारच, सुई हाय ती." मी अशा घरात वाढलेय की जिथं सुई तुटली तर माणसाची सात पिढ्यांची लायकी निघे. या दोघांचं मीठ माझ्या हाडांत उतरलंय, आणि उपकाराची एक भीती असते तीही उतरलीय : आपल्यामुळं यांचं काही बिघडेल का, आपण जास्त जागा घेतो का, जास्त जेवतो का. मी कुलूप लावलं की दोनदा ओढून बघते. फोन वाजला की आधी छातीत वाजतो.

रविवारी याडीचा फोन येतो. मी कुणाकडं राहते हे तिला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे; तांड्याला माहीत नसलेलं काही नसतं. पण तिनं कधी विचारलं नाही. "जेवलीस?" "थंडी हाय का?" "काम बराबर चालू हाय ना?" मागं सविताची लहानगी ओरडत असते, कुकरची शिट्टी होते, सविता मला हातवारे करून विचारते, माझं काही विचारलं का, आणि याडी पलीकडून त्या सगळ्या आवाजांवरून, ओढ्यातल्या दगडावरून पाय न भिजवता जावं तशी, अलगद निघून जाते. सविताला दुसरं काही नको होतं. घर नको, वाटा नको. एकदा तांड्यात दिवसाउजेडी जावं, याडीनं जवळ घ्यावं, एवढंच. आणि ते ती मला रोज न बोलता सांगायची.

मग तो सिनेमा आला. त्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना कळेलच, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांचं काही गेलेलं नाही.

फाल्गुनात होळीसाठी मी घरी गेले होते. खालच्या गावात हळद शिजत होती, तिचा तो उग्र, गोडसर, मातकट वास उतार चढून घराघरात शिरला होता, आणि मजुरीला जाणाऱ्या सगळ्या बायांचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. त्या पिवळ्या दिवसांत शहरातून गाड्या आल्या. सिनेमावाले. तांड्यातली श्रीमंताघरची पोरगी, खालच्या गावातला ढोल वाजवणारा पोरगा, निषिद्ध प्रेम, बापाचा हट्ट, भावाचं वैर, वेडी होणारी आई आणि शेवटी दोन चुली झालेलं घर, असा सगळा मालमसाला. आमच्याच घरांच्या भिंतींना त्यांनी निळा-गुलाबी रंग दिला, कारण आमचा तांडा त्यांना तांड्यासारखा दिसत नव्हता. म्हाताऱ्या बायांच्या पेट्यांतले आरशांचे घागरे बाहेर निघाले. जे आता मयतीशिवाय कुणी बघत नाही ते हिरॉइनच्या अंगावर चढले. एक काकी दिग्दर्शकाला म्हणाली, "साहेब, माझी बकरी बी घ्या पिच्चरमधी. ती हिच्यापरस बराबर रडते." आणि सगळ्या हसल्या. त्यात मीही हसले, नाही असं नाही.

दिग्दर्शक तरुण होता, दाढीवाला, बोलायला मऊ. कुणीतरी त्याला सांगितलं की खरा ढावलो ऐकायचा तर या बाईकडं. तो ओट्यावर येऊन बसला. याडीनं हात पुसले, पण हळद पुसून जाते होय? तो त्या हातांकडं बघत राहिला आणि म्हणाला, हात असेच राहू द्या माऊली, धुऊ नका. मला तिथंच त्याचा राग आला. लेकीच्या लग्नाची हळद जिच्या हाताला लागली नाही, तिचे मजुरीचे हात याला सुंदर दिसत होते.

त्याला ढावलो हवा होता हिरॉइन पळून जाते त्या प्रसंगाला. पहाटेचा उजेड, धुकं, ती मागं न बघता धावतेय, आणि पाठीमागं याडीचा आवाज. याडीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाई होनार."

"का हो?"

"पळून जानारीला ढावलो नसतो, भाऊ. तिला कोनाच्या गळ्यात पडाया टाइम कुठं असते?"

तो हसला. सिनेमात चालतं, म्हणाला. कुणाला कळणार आहे. याडी म्हणाली, "मला कळंल ना." मी चुलीवरचं भांडं सांडशीनं खाली उतरवलं. मग ती म्हणाली, मी शिकवते त्या पोरीला, म्हणते बी. पण मग तिनं धावायचं नाही. निघताना तिनं थांबायचं. माघारी यायचं. एकेकीच्या गळ्यात पडायचं, आईच्या शेवटी. आईनं तिला जवळ घ्यायचं, तिच्यासंगं रडायचं, मग ती जाईल.

दिग्दर्शकानं वही मिटली. "असं असतं का तुमच्यात?"

"नसतं," याडी म्हणाली. "असाया पायजे व्हतं."

हे तिचं वाक्य. शब्दाला शब्द हेच. मी ते सुरतेला घेऊन गेले.

मग याडी म्हणाली तसंच शूटिंग झालं, आणि त्या प्रसंगापुरतं हिरॉइनच्या आईच्या जागी दिग्दर्शकानं तिलाच उभं केलं. हिरॉइनच्या डोळ्यांत थेंब टाकत होते, तेव्हा याडीनं तिचा हात धरला : "औषध कशापायी, लेकरा? डोळे आले का?" आणि त्या परक्या, गोऱ्या, नाजूक पोरीला तिनं छातीशी ओढलं, तिची हनुवटी आपल्या खांद्याच्या आत बसवली, पिवळ्या हातांनी तिची पाठ धरली आणि आवाज काढला. आधी घरघर, मग गढूळ, मग लोट. तांडा निश्चल झाला. होळीच्या आधीचा तो कोवळा, राखेच्या रंगाचा उजेड तिच्या कानशिलावर होता, आणि त्या सुरात काय काय नव्हतं : घासून घेतलेलं कडवं, वाढलेल्या भाकरी, कोठीमागं टाकलेलं दप्तर, नाव न घेतलेली वर्षं. पोरगी खरीच रडू लागली. कॅमेऱ्यावरचा माणूस रडला. बकरीवाली काकी पदर तोंडात घालून रडली. बा गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून बसून राहिला.

मी रडले नाही. मला आतून आग लागली होती. जो गळा स्वतःच्या लेकीसाठी एक शब्द सोडायला तयार नव्हता, तो भाड्याच्या लेकीसाठी फुटला होता. दिग्दर्शक "कट" म्हणाला. याडीनं पदरानं तोंड पुसलं आणि त्या पोरीकडं बघून म्हणाली, "श्वास मधी घे म्हनलं व्हतं ना. पुन्ना कर." पुन्हा केलं. पुन्हा तेवढंच खरं रडली. त्या दुसऱ्या वेळेला मी तिथून उठून गेले.

सिनेमा पावसाळ्यानंतर फोनवर आला. एका रविवारी दुपारी सविता, भाऊजी आणि मी, लहानगीला मधे घेऊन, फोन डब्याला टेकवून बघायला बसलो. बाकीचा सिनेमा खोटा आहे. घर फुटतं तिथं त्यात विजा चमकतात. आईला वेड लागतं तर ती केस सोडून माळावर फिरते. ज्यांनी घर फुटताना पाहिलंय त्यांना ठाऊक असतं की आईला वेड लागत नाही, ती दुसऱ्या दिवशी वेळेवर उठते. पण तो प्रसंग आला. पडद्यावर याडी आली, पिवळे हात घेऊन. भाऊजींनी आवाज वाढवला. सविता पुढं सरकली. प्रसंग संपला तेव्हा तिनं फोन हातात घेतला, मागं नेला, पुन्हा लावला.

"ही अशी कवाच कोनाला घेत न्हाई जवळ," ती म्हणाली. "हे तिनं मलाच केलं."

भाऊजी म्हणाले, "पिच्चर हाय ते, सविते."

"तुमाला न्हाई कळनार." तिचे डोळे विलक्षण चमकत होते. "आमच्यात ढावलो खोटा कोनी म्हनत न्हाई. गळ्यात घेतलं म्हंजे घेतलं." आणि मग मला : "तूच सांगितलंस ना, असाया पायजे व्हतं म्हनली ती."

मी सांगितलं होतं. आता नाही म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात कुठंतरी कोंब फुटला होताच. आमची ही जात अशी आहे. शहरातली माणसं सिनेमा बघून रडतात आणि चहा प्यायला उठतात. आम्ही तो निरोप समजून बॅग भरायला घेतली.

पौषात गेलो. भाऊजी हिंगोलीला पाहुण्यांकडं थांबले, आम्ही दोघी लहानगीला घेऊन सेनगावला उतरलो आणि तिथून जीपनं. सवितानं हिरवी साडी नेसली होती, इस्त्रीची. चढणीवर तिनं लहानगीचे केस पुन्हा विंचरले. तूर निघाली होती, आणि त्या पिवळट-तपकिरी, कडकडीत दुपारी तांड्याच्या पहिल्या घरापाशीच मला सूर ऐकू आला. एक नाही, पाच-सहा कोवळे गळे, अडखळत, एकाच कडव्यावर.

आमच्या ओट्यावर पोरी बसल्या होत्या. लग्न ठरलेल्या पोरी. त्यांच्या आयाही होत्या, काही तर दुसऱ्या तांड्यांतून आलेल्या. सिनेमातली बाई म्हणून याडीची ख्याती लांबवर गेली होती. ओटा शेणानं सारवलेला, मधे याडी उभी, डोक्यावर पदर, पाठ ताठ. जिची स्वतःची न रडता गेली ती आता पुन्हा सगळ्यांच्या लेकींना रडवायला शिकवत होती. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि मी सविताचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

आमच्या बाया फार दिवसांनी भेटल्या तरी गळ्यात पडून सुरात रडतात. एकीनं सुरू करायचं, दुसरीनं तिला साथ द्यायची, आणि त्या साथीतूनच कळतं की भेट झाली. साथ न देणं हा आमच्यातला सगळ्यात मोठा अपमान, शिवीहून मोठा. सविता ओट्यावर चढली, पोरी बाजूला सरकल्या, आणि ती याडीच्या गळ्यात पडली. हनुवटी खांद्याच्या आत. तिनं आवाज काढला. इतक्या वर्षांत तो गळा बसला नव्हता, पण गोडही राहिला नव्हता. तो आता नुसता आर्त होता, सोललेला. तिनं वर्षं सांगितली, सुरत सांगितली, बाळंतपणात कुणी नव्हतं ते सांगितलं.

याडी गप्प होती.

तिनं सविताला ढकललं नाही. ढकललं असतं तर बरं झालं असतं. ती ओट्यावर उभी होती, दोन्ही हात खाली सोडून, खांबाला दोरी गुंडाळावी तशी लेक तिला गुंडाळलेली, आणि तिची नजर सविताच्या डोक्यावरून पलीकडं, उभ्या राहिलेल्या आयांच्या तोंडांवरून एकेक करून फिरत होती. तिला मी ओळखते. ती मोजत होती, यातल्या किती उद्या येतील. शिकायला आलेल्या पोरींतल्या एका लहान पोरीला राहवलं नाही. शिकवलेलं कडवं आपसूक तिच्या तोंडून निघालं, सविताला साथ म्हणून, बारीक आवाजात.

"तू गप," याडी म्हणाली.

पोरगी गप झाली. सविता एकटीच रडत राहिली, सूर खाली खाली येत गेला, आणि शेवटी नुसता श्वास राहिला. तीच मग बाजूला झाली. याडीनं खांद्यावरचा पदर सारखा केला. तिथं ओलं झालं होतं.

"पानी दे पाहुनीला," ती मला म्हणाली.

पाहुणी. मी आत जाऊन पाणी आणलं. सवितानं तांब्या घेतला, दोन घोट प्याली, लहानगीला पाजलं. बा शेतावर होता. त्याला कुणी हाक मारली नाही. ज्या काक्या त्या सिनेमाला पदर तोंडात घालून रडल्या होत्या त्या दारादारांत कोरड्या उभ्या होत्या. एकीनं फक्त लहानगीच्या गालाला बोट लावलं आणि पटकन मागं घेतलं. लहानगी ओट्याच्या कडेला बसून पाय हलवत होती, याडीपासून हातभर अंतरावर. याडीनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"पाचच्या जीपला गर्दी असती," याडी हवेला म्हणाली. "आदी निघालेलं बरं."

निघालो. उतरणीवर मागून पुन्हा पोरींचे सूर सुरू झाले. सविता एकदाही मागं वळली नाही, आणि तिची साडी मोडली नव्हती.

लोक मला सांगतात, तिचंही बघ. तांड्यात राहायचंय तिला, एकदा गेलेली पत पुन्हा मिळाली, म्हातारपणाला तेवढाच ओटा आहे. मला हे सगळं कळतं. कळतं म्हणूनच माफ करता येत नाही. जिला काय असायला हवं होतं ते ठाऊक नव्हतं तिला मी सोडून दिलं असतं. हिला ठाऊक होतं. हिनं ते रचलं, शिकवलं, दोनदा करून दाखवलं, सगळ्या मुलखाला त्यावर रडवलं, आणि खरी लेक दारात आली तेव्हा त्याच रडण्यानं मिळवलेली जागा जपायला तोंड मिटून घेतलं. अशा माणसाला काय म्हणतात ते मला माहीत नाही. कलावंत म्हणत असतील.

त्यानंतर दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. सविता मोरीशी कपडे पिळत होती, पाठमोरी, पण पाण्याचा आवाज तिनं बंद केला होता.

"जेवलीस?"

"व्हय."

"थंडी?"

"हाय थोडी."

मग पलीकडं वाऱ्याचा आवाज येत होता. ती घराबाहेर, लांब कुठंतरी बांधावर येऊन बोलत असावी.

"ते लेकरू," याडी म्हणाली. तिचा आवाज मला क्षणभर ओळखू आला नाही. "ते कोनावर गेलंय?"

हातभर अंतरावर बसलं होतं ते. उजेड होता. लहानगी माझ्या पायाशी बाटलीच्या झाकणांची आगगाडी करत होती, आणि तिच्या कपाळाची ठेवण, रागावल्यावर खालचा ओठ आत ओढायची खोड, सगळं सगळं कुणावर गेलंय ते मी डोळ्यांनी बघत होते.

"आवाज येईना का?" याडी म्हणाली.

"येऊन राहिला," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला.

"काय म्हनली?" सवितानं न वळता विचारलं.

एकदा पडद्यावरच्या मिठीवर विश्वास ठेवून ती तेवढी चढण चढून गेली होती. आता मी सांगितलं असतं, तर या एका प्रश्नावर ती पुन्हा साडीला इस्त्री करायला बसली असती, आणि पुन्हा त्या ओट्यावर कुणाकुणाच्या देखत एकटीनं रडली असती. मला ते बघवणार नव्हतं. माझ्या अंगात तिचं मीठ आहे.

"थंडी विचारली," मी म्हटलं.

मोरीतलं पाणी पुन्हा सुरू झालं. गेलेल्या माणसाची जागा काळ हळूहळू बुजवतो असं म्हणतात, आणि मेलेल्यांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण जिवंत माणूस दारातून परत गेलं की त्या रिकाम्या जागेपाशी काळसुद्धा काही करत नाही, तो तिथं नुसता उभा राहतो, दोन्ही हात खाली सोडून.